क्रमवारीच्या आधी तुलना: उच्च शिक्षण संस्थेत बेंचमार्किंग कसे करावे

भूमापनात उंची मोजण्यासाठी दगडावर किंवा पक्क्या बांधकामावर जी कायमची खूण कोरून ठेवतात तिला तलचिन्ह म्हणतात, आणि ‘बेंचमार्क’ हा शब्द मुळात तिथला आहे. व्यवस्थापनात बेंचमार्किंग म्हणजे इतरांशी तुलना करून स्वतःच्या कामाची पद्धत सुधारणे, आणि तिथे हा शब्द रुजला तो 1979 च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने स्वतःच्या खर्चाची व कामाच्या पद्धतींची तुलना जपानी स्पर्धकांशी पद्धतशीरपणे करायला घेतली तेव्हा. मालाची पाठवणी सुधारण्यासाठी याच कंपनीने पुढे एल. एल. बीन या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीच्या गोदामाचा अभ्यास केला. त्या कंपनीचा छायाप्रतींच्या यंत्रांशी काडीचा संबंध नव्हता. तिथे पाहिली गेली ती फळीवरचा माल उचलून बाहेर धाडण्याची रीत. विद्यापीठांमध्ये बेंचमार्किंगच्या नावाखाली जे बहुधा चालते, म्हणजे वरच्या क्रमांकाच्या संस्थांचे आकडे एका तक्त्यात मांडून शेजारी आपले आकडे लिहिणे, ते या कामाचे पहिले पान फार तर म्हणता येईल.

सुरुवात प्रश्नापासून करावी. ‘आपण पहिल्या पाचशेत कसे येऊ?’ या प्रश्नावर कोणत्याही विभागप्रमुखाला उद्यापासून काही वेगळे करता येत नाही. ‘पहिल्या वर्षानंतर इतके विद्यार्थी शिक्षण का सोडतात?’ किंवा ‘निकाल लागायला इतके दिवस का लागतात?’ या प्रश्नांवर मात्र काम करता येते. पहिल्या फेरीला असे दोन किंवा तीनच विषय घ्यावेत. चाळीस निर्देशकांचा तक्ता बैठकीत भारदस्त दिसतो, पण तो वापरताना कोणी आढळत नाही.

त्यानंतर ज्या क्रमवारीत सुधारणा हवी आहे तिची कार्यपद्धती मुळातून वाचावी, कारण प्रत्येक क्रमवारी निराळीच गोष्ट मोजते. 2003 पासून निघणाऱ्या शांघाय या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत माजी विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी मिळवलेल्या नोबेल पारितोषिकांना आणि गणितातील फील्ड्स पदकांना मिळून 30 टक्के भारांश (एकूण गुणांतील वाटा) आहे. त्यामुळे अध्यापन सुधारून तिथे वर जाण्याची आशा धरणे व्यर्थ आहे. 2023 साली जाहीर झालेल्या क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत शैक्षणिक लौकिकाचा भारांश 40 वरून 30 टक्क्यांवर आणि प्राध्यापक-विद्यार्थी गुणोत्तराचा 20 वरून 10 टक्क्यांवर आला, तर शाश्वतता, रोजगारविषयक फलनिष्पत्ती व आंतरराष्ट्रीय संशोधन जाळे या नव्या निर्देशकांना प्रत्येकी 5 टक्के मिळाले. भारांश असे बदलले की स्वतःच्या आवारात तसूभरही फरक न पडता संस्था वर किंवा खाली जाते. म्हणून एकूण क्रमांकाकडे न पाहता प्रत्येक निर्देशकाचे मूळ मूल्य पाच वर्षांसाठी स्वतंत्र नोंदवून ठेवावे.

कोणाशी तुलना करायची, हे ठरवताना अहंकार आड येतो. आकार, विद्याशाखांचे मिश्रण, निधीचा स्रोत आणि प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांची पार्श्वभूमी यांत आपल्याशी मिळत्याजुळत्या सहा ते आठ संस्था घ्याव्यात, आणि त्याच प्रकारच्या पण चार पावले पुढे असलेल्या दोन-तीन संस्था त्यांत घालाव्यात. वैद्यकीय विद्याशाखा असलेल्या विद्यापीठाच्या संशोधनपत्रांची संख्या मानव्यविद्यांवर भर असलेल्या विद्यापीठाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण दोन्हीकडची लेखनाची व संदर्भ देण्याची रीतच भिन्न आहे. एखाद्या प्रक्रियेसाठी मात्र क्षेत्राबाहेरचा भागीदारही चालतो. माहितीची देवाणघेवाण सुरू होण्यापूर्वी कोणती माहिती गोपनीय राहील याचा लेखी करार करावा, आणि जी माहिती स्वतः द्यायची तयारी नाही ती दुसऱ्याकडे मागू नये.

खरी कसोटी व्याख्यांची आहे, आणि माझ्या मते या कामाचा निम्मा वेळ इथेच जायला हवा. प्राध्यापक-विद्यार्थी गुणोत्तराचे उदाहरण घेऊ. समजा, एका संस्थेत 4,800 विद्यार्थी आहेत आणि प्राध्यापकांच्या यादीत 240 नावे आहेत. भागाकार सरळ आहे, एका प्राध्यापकामागे 20 विद्यार्थी. आता यादी नीट वाचली तर 45 जण अभ्यागत असून प्रत्येकाचे काम पूर्णवेळाच्या एक तृतीयांश आहे, म्हणजे ते 15 पूर्णवेळ प्राध्यापकांच्या बरोबरीचे ठरतात. आणखी 10 जण दीर्घ रजेवर असून त्यांच्या जागी कोणी नेमलेले नाही. शिकवणारे मनुष्यबळ त्यामुळे 200 वर येते आणि गुणोत्तर 24 होते. भागीदार संस्थेने पहिली रीत वापरली आणि आपण दुसरी, तर दिसणारा फरक गुणवत्तेचा नसून केवळ मोजणीचा असतो. म्हणून प्रत्येक निर्देशकासाठी एक पान करावे: काय मोजले, कोणाला वगळले, कोणत्या तारखेची स्थिती धरली, आकडा कोणत्या नोंदवहीतून आला आणि तो कोणी तपासला.

या पानाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे 2022 साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या बाबतीत दिसले. तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेल्या आकड्यांवर जाहीर आक्षेप घेतले. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या वर्गांचे प्रमाण 82.5 टक्के सांगितले गेले होते. फेरमोजणीनंतर विद्यापीठाने स्वतः प्रसिद्ध केलेला आकडा 57.1 टक्के होता. यूएस न्यूज या अमेरिकी प्रकाशनाच्या राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठ दुसऱ्या स्थानावरून अठराव्या स्थानावर गेले.

आकडे जुळले की दरी दिसते, पण ती का पडली हे आकडे सांगत नाहीत. त्यासाठी प्रक्रिया उलगडावी लागते. समजा, आपला निकाल शेवटच्या परीक्षेनंतर 46 दिवसांनी लागतो आणि भागीदाराचा 24 दिवसांनी. बैठकीतले पहिले निदान बहुधा ‘आपले प्राध्यापक उत्तरपत्रिका वेळेत तपासत नाहीत’ हेच असते. दोन्हीकडचे दिवस टप्प्यांनुसार मांडले की चित्र पालटते. आपल्याकडे गठ्ठे केंद्रावर पोहोचायला 6 दिवस, परीक्षकांना वाटप होण्यासाठी 14, तपासणीला 12, फेरतपासणीला 5, गुणनोंदणीला 5 आणि निकाल जाहीर करायला 4. त्यांच्याकडे अनुक्रमे 2, 2, 11, 4, 3 आणि 2. तपासणीत फरक एका दिवसाचा आहे, वाटपात बारा दिवसांचा. भागीदाराकडे परीक्षकांची नियुक्ती परीक्षा सुरू होण्याआधीच झालेली असते. आपल्याकडे ती फाइल परीक्षा संपल्यावर हलू लागते. अशी गोष्ट अहवालात सापडत नाही. ती भेटीत, आणि तीही शक्यतो परीक्षा विभागातील लिपिकाशी बोलताना कळते. म्हणून भेटीच्या पथकात अधिकाऱ्यांबरोबर प्रत्यक्ष काम करणारा माणूस असलाच पाहिजे.

पाहिलेली रीत जशीच्या तशी उचलू नये. एका विद्याशाखेत एका सत्रापुरती ती चालवून पाहावी, आधीची स्थिती मोजून ठेवावी आणि मग विस्तार करावा. प्रत्येक बदलाला एकच जबाबदार व्यक्ती, मुदत आणि खर्चाची तरतूद हवी. ‘सर्व संबंधितांनी कार्यवाही करावी’ असे लिहिलेला ठराव कोणाच्याच टेबलावर पोहोचत नाही.

यातून क्रमांक सुधारेल का? सुधारू शकतो, पण उशिराने. क्यूएस संशोधनपत्रांचा पाच वर्षांचा आणि त्यांना इतर संशोधनपत्रांत मिळालेल्या संदर्भांचा सहा वर्षांचा काळ धरते, त्यामुळे आज झालेले चांगले संशोधन तिथे पूर्णपणे उमटायला वर्षे जातात. लवकर फळ देणारे एक साधे काम मात्र आहे. संशोधक आपल्या संस्थेचे नाव पाच प्रकारे लिहितात आणि डेटाबेसमध्ये काही संशोधनपत्रे संस्थेच्या खात्यावर जमाच होत नाहीत. क्यूएस आणि टाइम्स हायर एज्युकेशन या दोन्ही जागतिक क्रमवाऱ्या स्कोपस या, तर शांघाय क्रमवारी वेब ऑफ सायन्स या संशोधनपत्रांच्या डेटाबेसवर अवलंबून आहे. दोन्हीकडील संस्थेच्या नोंदी तपासून दुरुस्त करून घ्याव्यात, नावाचे एकच अधिकृत रूप ठरवून द्यावे आणि प्रत्येक संशोधकाला ऑर्किड हा संशोधकांसाठीचा स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यायला लावावा. ही चलाखी नव्हे, आपल्याच कामाची नीट नोंद आहे. एकमेकांचे संदर्भ ठरवून देणे किंवा मानद पदे वाटून दुसऱ्यांच्या संशोधनपत्रांवर आपले नाव चढवणे हा निराळा प्रकार आहे, आणि त्यातून अध्यापनात वा संशोधनात काहीही सुधारत नाही.

व्यवस्थापनापुढे निकाल मांडताना भागीदारांच्या सरासरीऐवजी मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य) द्यावा, कारण लहान गटात एखादी बलाढ्य संस्था सरासरी ओढून नेते. टाइम्स हायर एज्युकेशन 200 नंतर आणि शांघाय 100 नंतर संस्थांना स्वतंत्र क्रमांक न देता गटांत मांडते. तेव्हा गटाच्या सीमेवरची एका पायरीची हालचाल यश किंवा अपयश म्हणून सादर करू नये. वर्षाअखेरीस भागीदारांची यादी पुन्हा पाहावी. ज्या संस्थेकडून दोन फेऱ्यांत फक्त आकडे आले आणि एकदाही भेट होऊ शकली नाही, तिच्या जागी दुसरी संस्था घ्यावी. आणि जो प्रश्न सुटला त्याचे व्याख्यापान बंद न करता त्याचे मोजमाप वर्षातून एकदा चालू ठेवावे, कारण परीक्षा विभागातला तो एक अधिकारी बदलून गेला की वाटपाची फाइल पुन्हा परीक्षेनंतरच हलू लागण्याची दाट शक्यता असते.