औषधनिर्माण प्रशिक्षणार्थींची भरती: स्वयंचलित एसएमएस कसे वापरावेत

डी. फार्म. या औषधनिर्माणशास्त्राच्या पदविका अभ्यासक्रमाची लेखी परीक्षा झाल्यावर विद्यार्थ्याला किमान 3 महिन्यांत विभागलेले 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि त्यानंतरच नोंदणीकृत फार्मासिस्ट होण्याची वाट मोकळी होते. त्यामुळे निकालाच्या सुमारास सोलापुरात मुले एकाच वेळी जागा शोधू लागतात आणि मेडिकल दुकाने व रुग्णालयांच्या औषध विभागांनाही त्याच वेळी मनुष्यबळ हवे असते. बार्शी, अक्कलकोट, मोहोळ, सांगोला येथे राहणाऱ्या मुलांच्या फोनमध्ये डेटा पॅक संपलेला असला तरी एसएमएस पोहोचतो, म्हणून या कामासाठी मी तोच निवडतो.

सर्वांत आधी संमती घ्यावी. महाविद्यालयाकडून मोबाइल क्रमांकांची आयती यादी मिळाली, तरी ती वापरू नये. प्राचार्यांच्या परवानगीने वर्गात एक छोटा अर्ज वाटावा आणि त्यावर क्रमांक कशासाठी वापरला जाईल, किती काळ ठेवला जाईल व तो काढून टाकायचा असल्यास कोणाला कळवायचे, हे स्पष्ट लिहावे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा संमतीकडे याच दृष्टीने पाहतो, आणि विद्यार्थ्याचा विश्वासही यातूनच मिळतो. संदेश कोणत्या भाषेत हवा, हेही याच अर्जात विचारावे. आपल्या शहरात मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड आणि उर्दूही अनेक घरांत बोलली जाते, त्यामुळे सर्वांना मराठीच सोयीची असेल असे गृहीत धरू नये.

त्यानंतर नोंदणी येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्या संस्थेला डीएलटी पोर्टलवर (म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी संकेतस्थळावर) स्वतःची, आपल्या हेडरची (म्हणजे फोनवर दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि प्रत्येक संदेशाच्या मसुद्याची नोंद करावी लागते. संदेशातली लिंक आणि परत फोन करण्याचा क्रमांकही आधी मंजूर करून घ्यावा, अन्यथा संदेश अडवला जाऊ शकतो. भरतीचे आवाहन प्रचारात्मक संदेशांत मोडते, असे धरून सकाळी 10 ते रात्री 9 या वेळेतच पाठवावे. ही कामे एका दिवसात उरकत नाहीत, म्हणून निकालाच्या किमान महिनाभर आधी सुरुवात करावी.

मसुदा लिहिताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. देवनागरी एसएमएसमध्ये एका भागात 70 चिन्हे बसतात आणि संदेश लांबला की प्रत्येक भागाला 67 चिन्हे मिळतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलंत हे सारे वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे ‘प्रशिक्षणार्थी’ हा एकच शब्द 14 चिन्हे खातो. पुढचा मसुदा, रक्कम 4 अंकी आणि क्रमांक 10 अंकी धरल्यास, दोन भागांत बसतो:

डी.फार्म. झालेल्यांसाठी 500 तासांचे प्रशिक्षण. ठिकाण: सात रस्ता. वेळ: 9 ते 5. मानधन रु. (रक्कम). प्रमाणपत्र मिळेल. मिस्ड कॉल: (क्रमांक)

मानधनाचा आकडा लपवू नये. ‘आकर्षक मानधन’ असे लिहिले, तर मुले फोन करून तेच विचारतात, आणि मंगळवेढ्याहून रोज एसटीने येणाऱ्या मुलाला तर भाडे वजा जाता हाती काय उरते, हे ठरवल्याशिवाय पाऊल उचलता येत नाही. हेडरवरून आलेल्या संदेशाला उत्तर पाठवता येत नाही, म्हणून मिस्ड कॉलची सोय ठेवावी.

मिस्ड कॉल आल्याबरोबर दुसरा संदेश आपोआप जावा आणि त्यात मुलाखतीची तारीख, वेळ, सोबत आणायची कागदपत्रे व ‘कोणतेही शुल्क नाही’ हे वाक्य असावे. नोकरीच्या नावाखाली पैसे उकळणारे संदेश इतके फिरतात की या शेवटच्या वाक्याशिवाय पालक मुलीला पाठवायला धजत नाहीत. मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी एक स्मरणसंदेश पुरेसा आहे. ज्याने प्रतिसाद दिलेला नाही, त्याला आणखी एकदाच आठवण द्यावी आणि तिथे थांबावे. तारखा ठरवताना आषाढी वारीचा आठवडा टाळावा, कारण त्या दिवसांत पंढरपूरकडच्या मुलांना एसटीत जागा मिळणेही कठीण होते.

निवड झालेल्याचे नाव यादीतून त्याच दिवशी काढावे. एका वर्षी माझ्याकडून हे राहून गेले आणि रुजू होऊन आठवडा झालेल्या मुलीला ‘जागा शिल्लक आहेत’ असा संदेश गेला. आपल्याला काढून टाकले, असे समजून ती दिवसभर गप्प होती, आणि तिची समजूत घालताना मला फार वाईट वाटले. तेव्हापासून यादी रोज संध्याकाळी मी स्वतः तपासतो.

निवड न झालेल्यांनाही संदेश पाठवावा. वाट पाहत राहिलेल्या मुलाची दुसरीकडची जागाही हातची जाते. मात्र निवड यंत्रावर सोपवू नये. औषध देताना चिठ्ठीवरचे अक्षर लागले नाही, तर मुलगा अंदाज बांधतो की डॉक्टरांना फोन लावतो, हे समोर बसवून विचारल्यावरच कळते.