होस्टेलची खोली ताब्यात घेताना
बॅगा उघडण्याआधी रिकाम्या खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. खाटेची मोडकी फळी, कपाटाची निखळलेली कडी, फुटकी काच, सगळं जवळून घ्या आणि त्याच दिवशी रेक्टरच्या ऑफिसात लेखी नोंदवा. वर्षअखेरीस डिपॉझिटमधून पैसे कापायची वेळ आली की तोंडी सांगितलेलं कुणालाच आठवत नाही.

आपल्याकडे प्रवेश ऐन पावसाळ्यात होतात, म्हणून खिडकीखालची भिंत तळहाताने चाचपून बघा. ओल लागली तर खाट तिथून हलवा, नाहीतर गादीला बुरशी आलीच म्हणून समजा.

मग प्लग. लहान भोकांचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. १५०० वॉटची किटली साडेसहा अँपिअर ओढते. कन्व्हर्टर (मोठ्या पिनांचा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवणारा जोड) लावून ती तिथे चालवली की सॉकेट तापून काळं पडू शकतं. (बहुतेक होस्टेलांत किटलीला बंदीच असते, तरी मुलं नेतातच!)

कुलूप मात्र घरूनच न्या. दुसरी किल्ली खोलीत ठेवू नका, भरवशाच्या कुणाकडे तरी द्या. बादली-मग काय, कॉलेजच्या दारातल्या दुकानात मिळतातच.