गोव्यातील जुनी मॉरिस मायनर: दुरुस्तीचा क्रम आणि सुट्या भागांचा शोध

गोव्यातील काही जुन्या घरांच्या पडवीत किंवा माडांच्या सावलीतल्या गॅरेजमध्ये अजूनही एखादी मॉरिस मायनर उभी असते. घरच्यांना ती विकवत नाही आणि चालवताही येत नाही. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याचा विचार ज्यांनी केला आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. अनुभवातून माझे एक ठाम मत झाले आहे: गाडीची नेमकी ओळख पटल्याशिवाय एकही सुटा भाग मागवू नये, आणि पत्र्याची तपासणी झाल्याशिवाय इंजिनावर एक रुपयाही खर्च करू नये. बहुतेक गाड्यांचे काम अर्धवट पडते, ते हा क्रम उलटा झाल्यामुळे.

अॅलेक इसिगोनिस यांनी रचलेली ही गाडी १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली आणि १९७१ पर्यंत तिचे उत्पादन चालू राहिले. बाहेरून ती फारशी बदललेली दिसत नाही. आतून मात्र बरीच बदलली. सुरुवातीचे इंजिन ९१८ सीसीचे साइड-व्हॉल्व्ह होते, १९५२ पासून ८०३ सीसीचे ए-सीरिज इंजिन येऊ लागले, १९५६ मध्ये ९४८ सीसीचे आणि १९६२ मध्ये १०९८ सीसीचे. शिवाय पहिल्या पिढीची गाडी हिंदुस्थान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने भारतातही तयार केली होती, तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्याला भारतातील आयातनिर्बंध लागू नसल्यामुळे येथे विलायतेहून थेट आलेल्या गाड्याही आहेत. त्यामुळे ‘मायनरचा पार्ट’ एवढे सांगून काहीच भागत नाही.

बॉनेट उघडल्यावर मागच्या आडव्या पत्र्यावर बसवलेली क्रमांकाची पट्टी शोधावी, रॉकेलने हलकेच पुसावी आणि तिचे छायाचित्र घ्यावे. १९५८ नंतरच्या गाड्यांत क्रमांकाच्या सुरुवातीची अक्षरे बरेच काही सांगतात: ‘एमए२एस३’ म्हणजे ९४८ सीसीच्या मालिकेतील दोन दारांची सलून (बंद छपराची साधी गाडी) आणि ‘एमए२एस५’ म्हणजे १०९८ सीसीच्या मालिकेतील. इंजिनाचा क्रमांक वेगळा असतो. तो ‘९एम’ने सुरू होत असेल तर इंजिन ९४८ सीसीचे, ‘१०एमए’ने होत असेल तर १०९८ सीसीचे. दोन्ही क्रमांकांतून वेगवेगळे सीसी निघत असतील तर मधल्या काळात कोणीतरी इंजिन बदलले आहे असे समजावे. उत्पादनाची नेमकी तारीख हवी असेल, तर इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदींवरून हेरिटेज प्रमाणपत्र देते.

नोंदणीच्या पुस्तकावर मात्र विसंबू नये. माझ्या मामांच्या गाडीच्या पुस्तकात १९६३ हे वर्ष होते, म्हणून मी १०९८ सीसीच्या गाडीचे पुढचे ब्रेक-शू मागवले. ते आठ इंची ड्रमचे निघाले आणि गाडीला होते सात इंची, कारण ती आधी तयार होऊन नंतर नोंदली गेली होती. पार्सलचा खर्च आणि दोन महिने वाया गेले. तेव्हापासून कोणताही भाग मागवण्याआधी मी जुना भाग काढतो, व्हर्नियरने मोजतो आणि मोजमाप लिहून ठेवतो.

आता पत्र्याकडे वळू. मायनरला वेगळी चासी नाही. तिचा सांगाडा आणि पत्रा एकच आहे, म्हणून गंजलेला पत्रा हा दिसण्याचा नव्हे तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे. खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस यांनी गोव्यातील गाडी बाहेरच्या रंगाखाली आतून पोखरलेली असते. गाडी भक्कम लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवावी, केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नये, आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत सर्व भाग तपासावेत. दारांखालच्या सिल (पत्र्याच्या पोकळ पट्ट्या), मधल्या आडव्या क्रॉसमेंबरची (आधाराच्या तुळईची) दोन्ही टोके, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे पुढचे आधार, पुढच्या चासी-लेग (सांगाड्यालाच जोडलेल्या पोकळ तुळया), पायाखालचा पत्रा आणि जॅक लावण्याची जागा येथे घणघणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर तेथे पुट्टी किंवा सडका पत्रा आहे. ट्रॅव्हलर या लांब, लाकडी चौकटीच्या प्रकारात मागची लाकडी चौकटही वजन पेलते, म्हणून तिचे लाकूड कुजलेले असेल तर केवळ पॉलिश करून चालत नाही.

सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून चौकट बांधून घ्यावी, दारांच्या फटी मोजून ठेवाव्यात आणि एकावेळी एकाच बाजूचे काम करावे. हे न केल्यास गाडी मध्यावर बसते आणि दारे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. जुन्या पद्धतीच्या गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा वाकतो, त्यामुळे मिग वेल्डिंग करणारा मिस्त्री शोधावा आणि भार पेलणाऱ्या जागी १.२ मिलिमीटरचा पत्रा वापरावा. गंजावर सरळ काळा अंडरकोट मारणारे बरेच भेटतात. त्यांना नम्रपणे पण स्पष्टपणे नकार द्यावा, कारण त्या थराखाली ओल अडकून पत्रा आणखी वेगाने जातो. उघडा पत्रा त्याच दिवशी झिंकयुक्त प्रायमरखाली गेला पाहिजे, सांधे सीलरने बंद झाले पाहिजेत आणि रंग झाल्यावर सिलच्या पोकळीत मेण फवारले पाहिजे. गोव्यात हे काम दिवाळीनंतर सुरू करून मेच्या आधी संपवावे. टू-के (दोन घटक मिसळून होणाऱ्या) रंगातील आयसोसायनेट ही रसायने फुप्फुसांना घातक असतात, त्यामुळे तो रंग बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय घरी फवारू नये.

पत्र्यानंतर पुढची चाके. मायनरचा सर्वांत धोकादायक दोष येथे आहे. किंगपिनच्या, म्हणजे ज्या उभ्या खिळीवर चाक वळते तिच्या, आट्या ट्रनियन या आटेदार ठोकळ्यात फिरतात. ग्रीस न मिळाल्यास त्या झिजतात आणि एके दिवशी चाक गाडीखालून निसटून दुमडते. चाक उचलून ते वरून आणि खालून धरून हलवावे, आणि खेळ (सैलपणा) जाणवला तर किंगपिन व ट्रनियन दोन्ही बदलावेत. ते प्रत्येक बाजूचे वेगळे असतात. त्यानंतर निपलमधून ग्रीस देण्याची सवय लावून घ्यावी. पावसाळ्यात मी दर महिन्याला देतो.

ब्रेकचा मास्टर सिलेंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चासी-लेगमध्ये दडलेला असतो आणि त्याचे बोल्ट काढताना टॉर्शन बार (पुढच्या स्प्रिंगचे काम करणारी लांब सळई) आड येतो, म्हणून मिस्त्रीला याची कल्पना आधीच द्यावी. त्याच्या बोअरला (आतल्या भोकाला) खड्डे पडले असतील तर लेथवर स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घेतल्यास दमट हवेत तो पुन्हा गंजत नाही. ब्रेक-ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे ते दर वर्षी बदलावे.

इंजिनाबद्दल फार घाबरण्याचे कारण नाही. ए-सीरिज साधे आणि सोशिक आहे. लक्ष द्यायचे ते पेट्रोलकडे. शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आहे, म्हणून हेड (इंजिनाचे वरचे झाकण) उघडलेच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कठीण सीट बसवून घ्याव्यात. आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा मऊ पडून फाटतो, आणि उभ्या गाडीच्या टाकीत पाणी साचते. सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत. हेडचे नट चाळीस फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ५४ न्यूटन-मीटर एवढेच आवळावेत. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर ०.०१२ इंच असते.

बॅटरी जोडताना घाई करू नये. या गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेले असते, आताच्या गाड्यांच्या नेमके उलट.

सुट्या भागांच्या शोधाचे तीन टप्पे करावेत. बेअरिंग, ऑइल सील, फॅन बेल्ट यांसारख्या वस्तू मोजमापावर किंवा जुन्या बेअरिंगवरील क्रमांकावर म्हापसा, मडगाव किंवा फोंड्याच्या दुकानांत मिळतात. दुकानदाराला गाडीचे नाव सांगण्यापेक्षा तुकडा हातात द्यावा. दुसरा टप्पा घाटमाथ्यावरचा. इंजिनाचे बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, नवीन बुश हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात होते. जुन्या भागांसाठी मुंबईचा कुर्ला आणि चोरबाजार, तसेच पुण्याची नाना पेठ येथे स्वतः जावे, कारण फोनवर ‘आहे’ म्हटलेली वस्तू पुष्कळदा अँबेसेडरची निघते. अँबेसेडर मॉरिस ऑक्सफर्डपासून घडलेली आहे. विजेच्या काही वस्तूंत तिचा उपयोग होतो, इतरत्र गृहीत धरू नये.

तिसरा टप्पा इंग्लंड. ट्रनियन, ब्रेकचे भाग आणि सिलचे पत्रे तेथे नवे तयार होतात, आणि एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरचे अस्सल भाग सॉल्सबरीची बर्लेन कंपनी बनवते. सीमाशुल्क व आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) वस्तूच्या किमतीवरच नव्हे तर वाहतूक आणि विमा धरून आकारले जातात. म्हणून जड पत्रे मागवण्याऐवजी त्यांचा नमुना पाहून येथेच ते घडवून घ्यावेत, आणि हलके पण जीवाशी निगडित भाग एकाच पार्सलमध्ये मागवावेत. नट-बोल्टही बहुतेक इंची आट्यांचे असतात. मेट्रिक बोल्ट जवळपास बसला म्हणून जोराने फिरवला, तर हेडची आटी कायमची जाते.

कागदपत्रांचे काम शेवटी ठेवू नये. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी दुचाकी व चारचाकी गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झाला असेल तर ती मिळत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसून प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व देखभाल यांपुरती चालवता येते. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो, त्यामुळे गोवा, दमण व दीवच्या काळातला जुना ‘जीडी’ मालिकेचा क्रमांक असल्यास जुने पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपावे आणि पहिला बोल्ट सैल करण्याआधी त्याची प्रत काढून ठेवावी.