अंड्यात रक्त कुठून येतं, हे मुलांना दाखवायचं तर

आयुष्यभर रक्त पुरवणाऱ्या मूळपेशी जन्माआधी कशा तयार होतात, हे फळ्यावरच्या आकृतीतून मुलांना पटत नाही. अंडं उघडून दाखवा.

अंडी गावठीच घ्या. खानापूरकडच्या खेड्यांत घरोघरी मिळतात, पण कळपात कोंबडा आहे ना, हे विचारून घ्या. दुकानातल्या पोल्ट्रीच्या अंड्यात गर्भच नसतो. सात दिवसांच्या आतली दहा-बारा घ्या आणि धुऊ नका. धुतल्यावर कवचावरचा थर जातो नि जंतू आत शिरतात.

अंडी उबवायला थर्माकोलचा डबा, ४० वॅटचा बल्ब, तापमान आपोआप सांभाळणारा थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी घ्या. अंड्यांच्या उंचीवर ३७.५ अंश सेल्सिअस हवं. ४० च्या आसपास गेलं की गर्भ मरू लागतात. करंट गेला तर डबा उघडू नका, वर वाकळ टाका. करंट आला की आधी वाकळ काढा, नाहीतर आग लागेल.

अंडी आडवी ठेवून वर पेन्सिलीने फुली करा. गर्भ बलकावर वरच्या बाजूलाच येतो. उघडताना बोथट टोकाला भोक पाडून, सुई खाली रोखून सिरिंजने २–३ मिली पांढरं काढा, म्हणजे गर्भ कवचापासून सुटून खाली बसतो. सिरिंजमध्ये पिवळं आलं तर बलक फुटला, ते अंडं सोडा. मग फुलीवर चिकटपट्टी लावून रुपयाएवढी खिडकी कापा. कात्री आडवीच धरा.

४८ तास उबवलेल्या अंड्यात गर्भाभोवती लाल ठिपक्यांचं कडं दिसेल. ७२ तास उबवलेल्या अंड्यात दोऱ्यासारख्या रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात आणि मधोमध लाल ठिपका टुकटुक उडत असतो. ते हृदय.

इथेच मुलं चुकतात. हे बलकावरचं रक्त तात्पुरतं. कायमच्या मूळपेशी गर्भाच्या महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) खालच्या भिंतीतून, साधारण याच तिसऱ्या दिवशी, सुटू लागतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. फ्रान्समध्ये १९७५ साली फ्रान्स्वाज दिएतेर्लें-लिएव्र यांनी लावा पक्ष्याचा गर्भ कोंबडीच्या बलकावर बसवला, तेव्हा पुढे प्लीहेतल्या रक्तपेशी लाव्याच्याच निघाल्या. बलकाच्या नव्हेत.

माणसात हेच गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या शेवटी घडतं. तिथून मूळपेशी यकृतात जातात आणि दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, रक्त बनू लागतं. पक्ष्यांत मात्र यकृताचा हा टप्पा जवळपास नसतो, तेव्हा ते अंड्यात शोधू नका.

बघून झालं की अंडी लगेच फ्रीझरमध्ये ठेवा, चौथ्या दिवसापुढे वाढवू नका. सगळ्यांचे हात साबणाने धुऊन घ्या.