फूड इन्स्पेक्टर दारात यायच्या आधी हॉटेलवाल्यांनी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं इन्स्पेक्शनची कुणकुण लागली की पहिलं काय होतंय तर फरशी पुसली जाते, पोरांना टोप्या मिळतात आणि गल्ल्याच्या मागं लायसनची फ्रेम लागते. फरशी पुसा की, नको कोण म्हणतंय, पण गिऱ्हाइकाचं पोट फरशीनं बिघडत नाही, ते बिघडतंय भाताच्या टबातनं आणि फ्रिजच्या मधल्या कप्प्यातनं, आणि अधिकारी जरा जाणता असला तर तो पण तिथंच हात घालतो.

भाताचंच बघा. संध्याकाळच्या फ्राइड राइससाठी सकाळीच भात शिजवून प्लॅस्टिकच्या टबात दाबून भरायचा, वर ओलं फडकं टाकायचं आणि सहा-सात तास तसाच कोपऱ्यात ठेवायचा, हे गाड्यावर पण चालतंय आणि चांगल्या एसी हॉटेलात पण. टबाच्या मधला भात दुपारपर्यंत कोमटच राहतो, आणि तांदळात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवून पण मरत नाहीत, अशा कोमट भातात ते वाढतात आणि विष सोडतात. ते विष नंतर कढईत कितीही मोठ्या आचेवर परतलं तरी जात नाही. म्हणजे "गरम करूनच देतो की" हे उत्तर इथं चालत नाही. गरम ठेवायचं ते 60 डिग्रीच्या वर, थंड ठेवायचं ते 5 च्या खाली. भात पसरट ट्रेमध्ये पातळ पसरा, वाफ गेली की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, नाहीतर थोडा थोडा दोनदा शिजवा. ओल्या खोबऱ्याची चटणी पण अशी तासन्तास बाहेर ठेवू नका. अन्नात खुपसायचा थर्मामीटर काही फार महाग नसतो, एक घेऊनच टाका.

आता फ्रिज. कच्चं चिकन वरच्या कप्प्यात पातळ पिशवीत आणि खाली चिरलेली कोथिंबीर उघडी, पिशवीतनं थेंब थेंब लाल पाणी खाली... हे बघितलं की मला खरंच राग येतो, कारण ती कोथिंबीर कच्चीच कुणाच्या तरी मिसळीवर पडणार असते. कच्चं मांस कायम सगळ्यात खाली आणि झाकून, शिजलेलं वर, आणि दोन्हीचे चाकू-पाट वेगळे. फ्रिज ठासून भरला की आत गार हवा फिरत नाही, बाहेर आकडा 4 दिसला तरी आतलं भांडं कोमटच असतंय.

रंगाबाबत तर कर्नाटकात राहून आता कुणी "माहीत नव्हतं" म्हणू नये. 2024 च्या मार्चमध्ये गोबी मंचुरीतल्या कृत्रिम रंगावर बंदी आली, कॉटन कँडीतल्या रोडामाइन-बी वर पण, आणि जूनमध्ये कबाबचा नंबर लागला. रोडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग आहे हो, खायचा नाहीच. लाल पाहिजे तर ब्याडगी मिरची आपल्या जवळच मिळते, तिच्यासारखा रंग कुठल्या पुडीत येत नाही. तशीच इडलीची गोष्ट, 2025 मध्ये इडलीच्या साच्यात प्लॅस्टिकचा कागद घालायला सरकारनं मनाई केली, परत सुती कापडावर या. भजी वर्तमानपत्रात बांधणं पण बंद करा, शाईतलं शिसं तेलाबरोबर अन्नात उतरतं.

तेलाचं म्हणाल तर टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे परत परत तापवून तेलात तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांवर गेले की ते तेल बाद. कढईत फेस बसत नाही, तेल चिकट काळं होतंय, लवकर धूर येतोय, तर समजा संपलं. जुन्यात नवीन ओतून चालवायचं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

कागदपत्रं थोडक्यात सांगतो. FSSAI चं, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचं, लायसन किंवा रजिस्ट्रेशन असतंय, त्याचा 14 आकडी नंबर दिसेल असा लावा, 2022 पासून तो बिलावर पण लागतो, त्याला मुदत असेल तर संपायच्या आधी रिन्यू करा, कामगारांचं मेडिकल वर्षातनं एकदा. पाण्याचा लॅब रिपोर्ट सहा महिन्यांनी काढा, बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर नक्कीच. महापालिकेचं ट्रेड लायसन आहे म्हणून हे लागत नाही असं समजू नका, दोन्ही वेगळं.

आणि इन्स्पेक्शन चालू असताना दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे मागच्या दारानं माल लपवायचा, त्यानं साधी गोष्ट पण संशयाची होते. दुसरी, कन्नडमधला कागद न वाचताच सही ठोकायची. आपल्याकडं बऱ्याच मराठी मालकांना बोलायला कन्नड येतंय पण वाचता येत नाही, तर शेजारच्या दुकानदाराला बोलवा, वाचून घ्या, "साहेब, जरा समजून घेतो" म्हटलं तर कोणी रागावत नाही. सॅम्पल घेतलं तर त्याचे चार भाग करून सील करतात, पैसे देतात, नोटीस देतात. चौथा भाग मान्यताप्राप्त लॅबला पाठवा असं तुम्ही लेखी मागू शकता, ते तिथंच मागा. ॲनालिस्टचा, म्हणजे सॅम्पल तपासणाऱ्या सरकारी तज्ज्ञाचा, रिपोर्ट पटला नाही तर 30 दिवसांत डेझिग्नेटेड ऑफिसरकडं, म्हणजे इन्स्पेक्टरच्या वरच्या अधिकाऱ्याकडं, अपील करता येतंय, पण लोक घाबरून गप्प बसतात आणि मुदत निघून जाते.

सुधारणा नोटीस आली तर ती दंडाची पावती नव्हे. त्यात काय चुकलं आणि काय करायचं ते लिहिलेलं असतंय आणि वेळ कमीत कमी 14 दिवसांचा मिळतो. एकेक मुद्दा दुरुस्त करा, फोटो काढा, मुद्द्यांच्याच नंबराप्रमाणे लेखी उत्तर द्या आणि दुसऱ्या कॉपीवर तारखेसकट पोच घ्या. तोंडी "झालंय साहेब" सांगून आलात तर फाईलमध्ये काहीच लागत नाही, आणि लायसन सस्पेंड व्हायची वेळ येते ती तिथनंच.