वस्तीची असुरक्षितता मोजताय? या चुका टाळा

ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या एका चाळीत सर्वेक्षण चाललं होतं: पूर, दरड, ऊन यांपुढे कोणती वस्ती किती असुरक्षित, याचं. अर्जावर प्रश्न होता, "पावसाळ्यात घरात पाणी शिरतं का?" मावशी म्हणाल्या, "नाही हो, इथे काही नाही." बरोबरच्या मुलीने 'नाही'वर खूण केली. माझं लक्ष फ्रिजकडे गेलं. चारही पायांखाली दोन-दोन विटा. धान्याचे डबे पोटमाळ्यावर, आणि रेशनकार्डाची प्लास्टिकची पिशवी छताजवळच्या खिळ्याला.

"फ्रिज विटांवर का हो?"

"मग काय, दर जुलैत नवा घ्यायचा?"

मावशींना भीती होती ती नोटिशीची. पाणी शिरतं म्हटलं की घर खाली करायला लावतील, मग जायचं कुठे? सर्वांत मोठी चूक हीच, की भीतीचा प्रश्न आपण सरळ विचारतो आणि मिळालेलं उत्तर आकडा म्हणून भरतो. त्यापेक्षा वस्तू विचारा, दिवस विचारा. सामान वर कधी चढवता? गेल्या पावसाळ्यात कामावर किती खाडे झाले? पाणी आलं की आजीला कुठे नेता? अर्ज कोणाच्या हातात जाणार, हे आधी सांगा. नावाची गरज नसेल तर नाव लिहूच नका.

दुसरी चूक कागदावरची. पाऊस, दरड, भरती यांचे आकडे आपण असुरक्षिततेच्या निर्देशांकातच, म्हणजे सगळे रकाने मिळून काढलेल्या एका आकड्यातच, मिसळून टाकतो. आयपीसीसी म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती. तिच्या 2007च्या अहवालात धोक्याला सामोरं जाणं हा असुरक्षिततेचाच भाग होता. 2014च्या अहवालात ते वेगळं काढलं गेलं. संकट वेगळं, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे ते वेगळं, आणि सोसायची, सावरायची ताकद वेगळी. तिन्ही मिळून जोखीम होते. दोन्ही व्याख्यांतले रकाने एका तक्त्यात घेतले की पाऊस दोनदा मोजला जातो. वस्तीला मदत कशाची हवी, भिंतीची की पैशांची की दवाखान्याची, हे मग त्या तक्त्यातून कळत नाही.

संकटाच्या रकान्यात नुसते मिलिमीटर भरून भागत नाही. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठी भराव टाकून वसवलेला, भरतीच्या पातळीच्या खाली. म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला दारं बंद राहतात, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं. तेवढाच पाऊस ओहोटीला पडला तर निभावतं, मोठ्या भरतीला पडला तर तुंबतं. पावसाच्या तासाशेजारी भरतीची वेळ लिहा. तलावात गाळ किती, तेही पाहून या.

प्रभागाची सरासरी काढणं ही तिसरी चूक. ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात टॉवर आणि डोंगराकडचे पाडे जवळजवळ नांदतात. दोन्हींची सरासरी 'मध्यम' येते आणि पाडा असुरक्षित वस्त्यांच्या यादीतून गळतो. शिवाय जनगणनेचा आकडा 2011चा. त्यानंतर दिव्यात उभ्या राहिलेल्या चाळी त्यात नाहीतच. मोजमाप गल्लीपर्यंत न्या, नाहीतर निदान चाळी आणि सोसायट्या वेगळ्या ठेवा.

निकाल उलटा येत असेल, म्हणजे टॉवर सर्वांत असुरक्षित दिसत असतील, तर दिशा तपासा. सगळे रकाने 0 ते 1 मध्ये आणताना उत्पन्न, शिक्षण, पक्कं छत हे 1 मधून वजा करायचे असतात, कारण ते वाढले की असुरक्षितता घटते. हे राहूनच जातं, फार वेळा. कच्चं छत, कमी उत्पन्न आणि सामायिक संडास हे तिन्ही बऱ्याचदा एकच गोष्ट सांगतात. त्यांचा सहसंबंध फार जास्त निघाला, म्हणजे ते जवळजवळ बरोबरीनेच वाढत-घटत असतील, तर एकच ठेवा. कोणत्या रकान्याला किती महत्त्व, ती वजनं थोडी हलवून पाहा. वरच्या दहा वस्त्या लगेच बदलल्या तर यादी अजून कच्ची आहे.

उन्हाच्या बाबतीत तर पत्ताच फसवतो. दरड रात्री कोसळली तर माणूस घरात सापडतो. रायगडमधल्या इर्शाळवाडीत 19 जुलै 2023च्या रात्री तेच झालं. ऊन मात्र दुपारी नाक्यावर, बांधकामावर, मैदानात गाठतं. 16 एप्रिल 2023ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर भर उन्हातल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली. त्या कार्यक्रमाला राज्यभरातून लोक आले होते, खारघरच्या लोकसंख्येत ते कुठेच नव्हते. माणूस दुपारी 2 वाजता कुठे असतो, हा प्रश्न अर्जात हवाच. आणि पत्र्याच्या खोलीत आत थर्मामीटर लावा. वेधशाळेचं तापमान त्या खोलीचं नसतं.

यादी झाली की वस्तीत जाऊन वाचून दाखवा. ठाण्याजवळ कळव्याच्या डोंगरावर आम्ही ती वाचली. 2021च्या जुलैत घोलाईनगरात दरडीने पाच जीव घेतले, तो हाच डोंगर. एक आजी शेवटपर्यंत ऐकत बसल्या, मग म्हणाल्या, "आमची गल्ली चौथी म्हणता. मग आमच्या मागची, कड्याला टेकलेली कुठाय?"

ती आमच्या नकाशावर नव्हती. घरांना नंबरच नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, माणसं कामावर जायच्या आत, आम्ही कोरे अर्ज घेऊन पुन्हा चढलो.