मार्काचं शुभवर्तमान मंडळीत कसं शिकवायचं

सोलापुरात दर शुक्रवारी संध्याकाळी मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, छोटा बायबल स्टडी घेते, बारा-पंधरा जण असतात, कुणी यंत्रमागावर कामाला, दोघीतिघी विड्या वळणाऱ्या मावश्या, एखाददुसरा कॉलेजचा पोरगा. पहिल्यांदाच शिकवायला घेणार असाल तर मार्कापासून सुरू करा. बायबलमधली येशूची गोष्ट सांगणारी चार पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं, त्यांत हे सगळ्यात छोटं, 16 अध्याय, मोठ्यानं वाचलं तरी दीड-दोन तासांत आख्खं होतं.

आणि आधी स्वतः ते तसं एका बैठकीत वाचाच. टीकाग्रंथ, यूट्यूबवरची प्रवचनं सगळं नंतर, नाहीतर दुसऱ्याचंच बोलणं आपल्या तोंडून निघतं. पेन्सिल घेऊन बसा. मार्क सारखा 'लगेच, लगेच' म्हणत पळतो ते दिसेल. मग 8:29 ला (म्हणजे आठवा अध्याय, 29वं वचन) येशूचा शिष्य पेत्र त्याला म्हणतो तू ख्रिस्त, देवानं पाठवलेला तारणारा आहेस, नि तिथून सगळं वळतं. 8:31, 9:31 आणि 10:33, तीनदा येशू आपल्या मरणाबद्दल सांगतो आणि तिन्ही वेळा शिष्यांचं भलतंच, पेत्र त्यालाच दटावतो, मग आपल्यात मोठा कोण यावर वाद, मग याकोब-योहानाला शेजारच्या जागा पाहिजेत. ह्या सगळ्याच्या आधी बेथसैदाचा आंधळा दोन टप्प्यांत बरा होतो आणि शेवटी यरीहोजवळ दुसरा आंधळा, बार्तीमय, म्हणजे शिष्यांना न दिसणं दोन आंधळ्यांच्या गोष्टींच्या मधे ठेवलंय, हे मला कळलं तेव्हा मी वही बंद करून नुसती बसून राहिले.

वर्गात अध्याय संपवायची घाई नको, एक प्रसंग बास. आधी वाचन, दोनदा, वेगवेगळ्या आवाजात. ज्याला तेलुगू किंवा कन्नड जास्त जमतं त्याला त्याच भाषेतलं बायबल वाचू द्या, शब्दांतल्या फरकातूनच प्रश्न निघतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचायला सांगून अवघडवू नका, त्यांनी ऐकून गोष्ट परत सांगायची, त्या बऱ्याचदा आपल्यापेक्षा बारीक सांगतात. आणि वाचन झाल्या झाल्या तुम्ही अर्थ सांगायला लागू नका, "ह्यात तुम्हाला काय खटकलं?" एवढंच विचारा नि गप्प बसा, ती शांतता अवघड जाते पण थांबा.

चौथ्या अध्यायातल्या पेरणाऱ्याच्या दाखल्याला, म्हणजे काही बी वाटेवर, काही खडकाळ जमिनीत पडतं ह्या येशूनं सांगितलेल्या गोष्टीला, आमच्यात लगेच प्रश्न आला, हा शेतकरी वाटेवर बी कशाला टाकतो? आपल्याकडं ज्वारी तिफणीनं ओळीत पेरतात, बी वाया घालवायचं म्हणजे पापच. तिथं बी हातानं फोकून पेरायचे, हे सांगितलं की गाठ सुटते. खडकाळ जमीन समजवावी लागत नाही, वर चार बोटं माती नि खाली मुरूम, पटकन उगवतं नि ऊन तापलं की करपतं. तसंच 2:21 चं, जुन्या कपड्याला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावू नये ते. टॉवेल-चादरीच्या गावात कोरं कापड धुतल्यावर आटतं हे कुणाला सांगायचं, मी फक्त विचारलं आणि मागावरच्या भावांनीच आख्खा धडा घेतला.

पाचव्यात याईराची मुलगी नि रक्तस्रावाची बाई एकत्रच घ्या. मुलगी 12 वर्षांची, बाई 12 वर्षं आजारी. एक गोष्ट अर्धी सोडून मधे दुसरी सांगायची ही मार्काची पद्धतच, वेगळ्या केल्या तर मुलगी मरायला टेकलेली असताना येशू त्या बाईसाठी थांबतो तेव्हाचं याईराचं ते वाट बघणं हरवतं.

सोळाव्यात लपवाछपवी नको. चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या ग्रीक हस्तलिखितांत शुभवर्तमान 16:8 ला संपतं, बायका घाबरून येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळतात नि कुणाला काही सांगत नाहीत. हे आधी पाळकांशी (पास्टरांशी) बोलून घ्या, मग मंडळीला सरळ सांगा, विश्वास इतका कच्चा नसतो. मी विचारलं मग येशू उठल्याचं आपल्यापर्यंत आलं कसं, तर एक मावशी म्हणाल्या, "भ्याल्या असतील की, पण नंतर बोलल्याच ना कुणीतरी." पुढची 9 ते 20 वचनं आम्ही दुसऱ्या शुक्रवारी घेतली.